घोडा का अडला?

भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. हे कोडं ठाऊक नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. ३६ वर्षांच्या नोकरीत मी ते किती वर्गांना घातलं असेल त्याची मोजदाद नाही. नव्या वर्गावर पहिला तास असला की मुलं बुजलेली असतात (हाही घोड्याचाच शब्द!), तेव्हा असं काहीतरी विचारलं की जरा सैलावतात.

गंमत अशी, की आमच्या आंजर्ल्याच्या मुलांना यातल्या दोन गोष्टी पक्क्या माहीत. भाकरी रोज घरात, पानवेल आगरात. पण घोडा? तो आम्ही पाहायचो इतिहासाच्या पुस्तकात. चिऱ्यांच्या पाखाड्या, दोन्ही अंगांना गडगे आणि गावात शिरायचं तर खाडी ओलांडून. पूल झाला नव्हता तेव्हा तरीत बसून यायचो. इथे घोडा ठेवून करायचं काय?

तर मंडळी, १९८२ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. दिल्लीला एशियाड चालू होतं आणि रेडिओवर बातमी आली की घोडेस्वारीत आपल्याला सुवर्णपदकं मिळाली. रघुबीर सिंग यांना 'इव्हेंटिंग'चं वैयक्तिक, त्यांच्या संघाला सांघिक, आणि रूपिंदर सिंग ब्रार यांना भरधाव घोड्यावरून भाल्याने मेख उचलण्याचं. त्याच सुमारास मी एका वर्गाला १८५७ चं प्रकरण शिकवत होते. झाशीच्या राणीचा घोडा ओढ्यापाशी अडला, हे सांगून झालं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग राणीचा घोडापण न फिरवल्यामुळेच अडला का?"

वर्ग हसला. मला प्रश्न आवडला. "शोधून सांगते" म्हटलं आणि वहीत टिपून ठेवला. अशा प्रश्नांची माझी एक वही आहे. बऱ्याच प्रश्नांची उत्तरं ग्रंथालयात मिळाली. ह्याचं उत्तर मिळायला मात्र चाळीसहून जास्त वर्षं लागली आणि ते मिळालं पुण्याजवळच्या एका रिंगणात, मातीत आडव्या ठेवलेल्या पिंपाशेजारी उभं राहून.

आधी राणीचं सांगते. आम्हा रत्नागिरीकरांना लक्ष्मीबाईंचा जिव्हाळा जरा जास्तच. झाशीचं नेवाळकर घराणं मूळचं लांजा तालुक्यातल्या कोट गावचं. आणि त्या काळातल्या झाशीची डोळ्यांनी पाहिलेली हकिकत लिहून ठेवली तीही एका कोकणी भिक्षुकाने, पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केलं. त्यात बाईसाहेबांच्या अश्वपरीक्षेची गोष्ट आहे. विकायला आलेले दोन उमदे घोडे. बाई स्वतः दोन्हींवर बसल्या, फिरवून आणले आणि एकाची किंमत भारी सांगितली, दुसऱ्याची अगदी किरकोळ. कारण त्याच्या छातीत दोष होता. विकणाऱ्यालाही ते कबूल करावं लागलं.

अशा पारखी बाईचा शेवट घोड्यामुळे व्हावा! जून १८५८, ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय. तारीख कुणी १७ देतं, कुणी १८. इंग्रजांच्या ८ व्या हुसार घोडदळाशी गाठ पडली. पुढे काय झालं याबद्दल हकिकती निरनिराळ्या आहेत. कुणी म्हणतं घोडा अडखळून पडला, कुणी म्हणतं गोळी आधीच लागली होती. आपल्याकडे रूढ झालेली गोष्ट अशी, की राणीचा नेहमीचा घोडा नव्हता, शिंद्यांच्या पागेतला नवा घोडा होता, आणि ओढ्यापाशी येताच तो जागच्या जागी फिरू लागला, काही केल्या पलीकडे जाईना. ह्या गोष्टीतला 'नवा' हा शब्द वर्षानुवर्षं माझ्या तोंडून जात होता. त्यात काय भरलंय ते कळायला घरात घोडा यावा लागला.

घरात म्हणजे अगदी घरात नव्हे. नातीच्या रूपाने आला. २०२१ च्या पावसाळ्यात, सगळे घरी कोंडलेले असताना, तिने टोकियो ऑलिंपिकमध्ये फवाद मिर्झाला पाहिलं. हा बंगळुरूचा मुलगा. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये त्याने रौप्यपदक मिळवलं, तेव्हा घोडेस्वारीत भारताला ३६ वर्षांनी वैयक्तिक पदक मिळालं होतं. टोकियोत तो शेवटच्या फेरीपर्यंत गेला आणि २३ वा आला. पोरगी तेव्हा दहा वर्षांची. तिने हट्ट धरला तो काही सुटला नाही. मुलाने (म्हणजे तिच्या बाबाने) कुरकुरत पुण्याजवळच्या एका घोडेस्वारी शाळेत नाव घातलं. खर्चाचं मी इथे लिहीत नाही, नातेवाईक वाचतात.

तिथे तिची आणि वारूची जोडी जमली. वारू हे नाव तिनेच ठेवलेलं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, कारण तो शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा. आपल्याकडे घोडे दोन वर्षांचे झाले की शर्यतीत उतरतात. चार-पाच वर्षांत बरेचसे बाद होतात आणि त्यातले नशीबवान अशा शाळांत येतात. वारू रंगाने तांबूस तपकिरी, आयाळ-शेपूट काळी. जुन्या पुस्तकांत अशा घोड्याला कुमाईत म्हणतात. दिसायला देखणा आणि कामाचा अति हौशी. अडथळा दिसला की कान टवकारून निघालाच. लगाम ओढला तर तो अजून जोरात ओढणार.

आता अडथळ्यांबद्दल. साधा अडथळा तीन-साडेतीन मीटर रुंद असतो. दोन खांब, त्यावर आडव्या दांड्या. वारू असे अडथळे हसत खेळत पार करायचा. भानगड व्हायची ती अरुंद अडथळ्यांना. माझी समजूत अशी होती, की अडथळा जितका उंच तितका अवघड. नात म्हणाली, "नाही गं आजी, उंचीचं काही नाही. अरुंद असला ना, की घोड्याला बाजूने जायची वाट दिसते." कंबरेइतक्या उंच भिंतीवरून उडणारा घोडा गुडघ्याएवढ्या पिंपाला टाळून शेजारून निघून जातो. 'इव्हेंटिंग'च्या मैदानी फेरीत असं एकदा झालं की २० गुण दंड, त्याच अडथळ्याला पुन्हा झालं की आणखी ४०. म्हणून अडथळे मांडणारे लोक मुद्दाम अरुंद अडथळे घालतात. कधी बाणाच्या टोकासारखे, कधी दोन भिंतींचा कोपरा. घोड्याच्या ताकदीपेक्षा घोडा आणि स्वार यांचं आपसातलं बोलणं तिथे तपासलं जातं.

यात घोड्याच्या डोळ्यांचाही भाग आहे, आणि मला वाटतं ही माहिती प्रत्येक इतिहासशिक्षकाला हवी. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त ऐन कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. उडी घ्यायच्या क्षणी अडथळा त्याच्या नाकाखाली गेलेला असतो. म्हणजे तो जे आधी पाहिलं त्याच्या आठवणीवर उडतो! लगाम ओढून धरला, मान वर गेली, की ते आधीचं पाहणंही बिघडतं. रंगांचंही तसंच. आपल्याला केशरी रंग लांबून उठून दिसतो, घोड्याला तो हिरवळीत मिसळलेला दिसतो. ब्रिटनमध्ये याचा अभ्यास झाला आणि शर्यतीतल्या अडथळ्यांवरचे केशरी पट्टे जाऊन तिथे पांढरे आले. इतकी वर्षं माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घोड्यांसाठी रंग लावले, असा त्याचा अर्थ.

असो. गेल्या ऑक्टोबरात वारू एका अरुंद अडथळ्याकडे निघाला, नेहमीप्रमाणे सुसाट, आणि शेवटच्या पावलाला डावीकडे वळला. नात सरळ गेली. गळपट्टीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले तीन महिने घोडा नाही. बाबा म्हणाला आता कधीच नाही. आणि शाळेकडून निरोप आला, की हा घोडा मुलांच्या कामाचा नाही, जानेवारीअखेर फरक दिसला नाही तर त्याला देऊन टाकू. 'देऊन टाकू' म्हणजे कुठे, हे मी नातीसमोर विचारलं नाही. लग्नाच्या वराती आहेत, किनाऱ्यावरच्या फेऱ्या आहेत, आणि त्याच्याही पुढचं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगी आंजर्ल्याला आली. हात गळ्यात, तोंड एवढंसं. आजीच्या हातची आंबोळीदेखील पोटात जाईना. सकाळी लवकर उठून किनाऱ्यावर जायची, मीही पाठोपाठ. आमचा किनारा लांब आणि मोकळा, भरती उतरली की वाळू अशी घट्ट की चाकं चालावीत. अलीकडे पर्यटक वाढल्यापासून सुट्ट्यांत कुणी कुणी घाटावरून घोडं घेऊन येतात. त्या वर्षी एकजण आला होता. पांढरं, पोट सुटलेलं, गरीब डोळ्यांचं तट्टू. मुलांना पाठीवर बसवून फेरी मारायची. वाटेत एक वहाळ वाळूतून समुद्राला मिळतो. एक ढांग टाकली की पार होतो, घोट्याइतकं पाणी. तट्टू तिथे आलं की थांबायचं. मालक ओढायचा, काठी दाखवायचा, पाठीवरचं मूल रडायला लागायचं.

"अडेल हाय ओ आजी," तो मला म्हणाला. "अडेल तट्टू म्हन्त्यात ते हेच."

नातीने एका हाताने त्याच्या मानेला थोपटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी शाळेतला आवाज काढला. "भाऊ, सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी वीस मिनिटं पोरीला द्याल का? चहा आमच्याकडे." चहावर तो तयार झाला.

पहिल्या दिवशी ती वहाळाकडे फिरकलीच नाही. २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या आगरातल्या पोफळी उन्मळून पडल्या, त्यांचे वासे अजून पडवीत आहेत. त्यातले दोन मालकाकडून वाळूत टाकून घेतले, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा ठेवून. तट्टूची दोरी सैल धरून ती त्या वाटेने चालत गेली, तट्टू मागून. पुन्हा. मग वासे थोडे जवळ. पुन्हा. मग इतके जवळ की तट्टूचं पोट दोन्हीकडे टेकेल की काय असं मला वाटलं. दर वेळी पलीकडे गेल्यावर थांबायचं, मान सैल सोडू द्यायची, गुळाचा खडा द्यायचा.

दुसऱ्या दिवशी वासे वहाळाच्या तोंडाशी नेले. तिथे पाणी पसरून नुसता ओलावा उरतो. तट्टूने खाली मान घालून हुंगलं. तिने हुंगू दिलं. मालक म्हणाला, "मारा की एक." ती म्हणाली, "काका, त्याला खोली कळत नाहीये. आपल्याला तरी चकाकतं पाणी बघून कळते का?" मग ती स्वतः पाण्यात उतरली, पलीकडे गेली, उभी राहिली. दोरी सैलच. दोन मिनिटं गेली असतील. मला तर वाटलं भरती येणार. मग तट्टूने एक खूर घातला, काढला, पुन्हा घातला आणि आलं.

संध्याकाळी ओटीवर बसून तिने मला फोनवर वाचून दाखवलं. झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलंय. त्यात चर ओलांडायला शिकवायची रीत हीच : आधी स्वार खाली उतरतो, दोरी सैल ठेवून स्वतः पलीकडे जातो, मग दोरी ओढून घोड्याला बोलावतो. नाही आला तर मागून काठीवाला आहेच म्हणा, ग्रीक झाले तरी! पण आणखी एक बारकाई त्यात आहे. असा घोडा पहिल्यांदा उडतो तेव्हा गरजेपेक्षा फार लांब उडतो.

तिसऱ्या दिवशी ती तट्टूला वहाळाच्या अरुंद, खोल भागाशी घेऊन गेली. तट्टू थबकलं, बसल्यासारखं झालं आणि जोग नदीची खाडी ओलांडायची असल्यासारखं उडालं. ती जेमतेम बाजूला झाली. माझ्या छातीत धस्स झालं. दुखऱ्या हाताला काही लागलं असतं तर मुलाला काय तोंड दाखवलं असतं? आणि ही मात्र वाळूत बसून हसत होती, ऑक्टोबरापासून पहिल्यांदा.

मुलाला फोनवर मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, ते तट्टू आहे. वारू साडेचारशे किलोचा आहे." खरंच होतं ते. वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, की शेवटचा निर्णय घ्यायच्या आधी तू एकदा रिंगणाशी उभा राहा, मी पण येते.

जानेवारीच्या शेवटी आम्ही तिघे गेलो. तिथले शिक्षक साताऱ्याकडचे, सैन्याच्या घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदार. (जयपूरची ६१ वी घोडदळ पलटण १९५३ पासून आहे आणि अजून घोड्यांवर आहे, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.) मधले तीन महिने त्यांनी वारूला एक उडी मारू दिली नव्हती.

"बाई, हौस हाय त्याला आन् घाई बी हाय. दोन्ही दिसायला येकच. पोरांना वाटतं घोडा लई धाडसी. धाडसी असता तर दमानं आला असता."

मी वर्गातली मुलं आठवत होते. गणित पुरतं वाचायच्या आत उत्तर ओरडणारी. त्यांना सगळे हुशार म्हणायचे आणि ती असायचीही, पण उदाहरण जरा फिरवून विचारलं की पहिली तीच गडबडायची. रिसालदारसाहेबांना तसं म्हटलं तर ते नुसते हसले आणि म्हणाले, "माझी पोरं चार पायांची."

त्यांची रीत मी वहीत लिहून घेतली. पहिले काही आठवडे नुसती चाल आणि दुडकी, दर थोड्या पावलांनी गती बदलायची. थांब, चल, दुडकी, थांब. लगाम ओढून धरायचा नाही. मागायचं आणि सोडायचं, मागायचं आणि सोडायचं. घोड्याला ओढायला काही दिलंच नाही तर तो ओढणार कशाला? मग जमिनीवर दांड्या. त्यांच्यामधून सरळ जायचं, रेषा मोडायची नाही. मग साधा, रुंद, बुटका अडथळा, आणि त्याच्या पुढे नऊ फुटांवर जमिनीवर एक दांडी. ती ओलांडताना घोड्याला पाऊल नीट टाकावंच लागतं, सुसाट येऊन चालत नाही. मग अडथळा थोडा अरुंद, आणि त्याच्या दोन्ही टोकांवर तिरक्या टेकवलेल्या दोन दांड्या, नरसाळ्यासारख्या. घोडा आपोआप मधोमध येतो. सवय झाली की त्या दांड्या जमिनीवर उतरवायच्या, मग थोड्या लांब सारायच्या, मग एक काढायची, मग दुसरी. अडथळा बदलायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अरुंद केला तर उंच करायचा नाही.

आणि घोडा डावीकडे पळाला तर? डावीकडून गोल फिरवून परत आणायचा नाही, कारण त्याला हवं तिकडेच तो गेला असं होतं. थांबवायचा, उजवीकडे वळवायचा, आणि पुन्हा यायचं तेही आधीपेक्षा हळू. मारायचं अजिबात नाही. पळून गेल्यावर मारलं तर अडथळा म्हणजे मार एवढंच तो शिकतो.

स्वाराने काय करायचं? नजर अडथळ्यावर ठेवायची नाही, पलीकडे ठेवायची. दोन्ही हात आणि दोन्ही पाय मिळून एक पाखाडी करायची (हा माझा शब्द, रिसालदारसाहेबांना कळला नाही, समजावून सांगितल्यावर फार आवडला). आणि उडीच्या वेळी घोड्याच्या पाठीवर मागे रेलायचं नाही, पुढे झुकून त्याची मान मोकळी सोडायची. ही पुढे झुकायची रीत फेदेरिको कप्रिली नावाच्या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने रूढ केली. १८६८ ते १९०७, जेमतेम ३९ वर्षांचं आयुष्य. त्याच्या आधी युरोपातले स्वार उडी घेताना मागे रेलायचे आणि घोड्याच्या तोंडाला हिसका बसायचा. मोकळे घोडे कसे उडतात हे त्याने आधी पाहिलं, मग स्वारांना बसायला शिकवलं.

हे सगळं ऐकताना माझ्या डोक्यात १८५८ चा ओढा होता. मी रिसालदारसाहेबांना तो जुना प्रश्न विचारला. ते जरा वेळ बोलले नाहीत.

मग म्हणाले, "घोडा कसा होता ह्यापरीस किती दिवसांचा होता ते इचारा, बाई."

म्हणजे असं. शिंद्यांच्या पागेतला घोडा, जातिवंत असणार, तेजही असणार. राणीची पारख उभ्या हिंदुस्थानात नावाजलेली, तिने वाईट घोडा घेतला असं मला वाटत नाही. पण पारख घटकाभरात होते आणि ओळख व्हायला दिवस लागतात. मागे गोळ्या, तलवारी, घोड्यांची धाव, पाठीवर अनोळखी हात, समोर खोली न कळणारा ओढा, आणि बाजूला मोकळी जागा. त्याला कुणी सैल दोरीने आधी पलीकडे नेलं नव्हतं. न फिरवल्यामुळे अडला असं म्हणायचं तर म्हणता येईल. बहुधा पागेत भरपूर फिरवलेला असेल, पण राणीने फिरवलेला नव्हता. वहीतल्या प्रश्नापुढे मी एवढं लिहिलंय. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता साठीला टेकला असेल, हे वाचत असेल तर त्याने कळवावं.

नात वारूवर बसली तेव्हा मुलगा कुंपणाला टेकून फोन बघत होता. बघत नव्हता, पण धरला होता. रिंगणाच्या मधोमध एक पत्र्याचं पिंप आडवं ठेवलेलं, रॉकेल-डिझेलचं असतं तसं. नरसाळ्याच्या दांड्या काढून टाकलेल्या. तिने आधी दोन मोठे फेरे मारले. वारूचे कान पिंपाकडे. एकदा त्याने मान झटकली, तिने मागितलं, सोडलं. तिसऱ्या फेऱ्यात ती वळली. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी हळू. पिंपाच्या चार पावलं आधी वारूचा खांदा डावीकडे गेल्यासारखा झाला, तिचा डावा पाय त्याच्या पोटाशी मिटला, आणि तो उडाला. अगदी मधून गेला नाही. पण वरून गेला.

दुसऱ्यांदा डावीकडे पळाला. ती पडली नाही. थांबवलं, उजवीकडे वळवलं, चालत लांब नेलं आणि दुडकीवर पुन्हा आणलं. गेला.

"बास," रिसालदारसाहेब म्हणाले. "खोगीर उतरवा."

"सर, एकदाच अजून!"

"न्हाई. गोडीत हाय तवर थांबायचं."

ती उतरली, पट्टा सैल केला, वारूने तिच्या खांद्यावर तोंड घासून फेस पुसला. मुलगा केव्हा कुंपणाच्या आत आला ते मला कळलं नाही. तो पिंपाशी वाकला होता, वितीने मोजत होता.

"चार विती," म्हणाला. मग रिसालदारसाहेबांकडे वळून, "आणि हे उभं केलं तर?"

"उभं केलं तर अडीच-पावणेतीन. आन् उंची चार."

"ते कधी?"

"आधी जूनपर्यंत घोडा हितं राहू द्या म्हणावं हापिसात. मग बघू."

मुलगा ऑफिसकडे चालू लागला. नात माझ्याकडे बघत होती, मी वहीत चार विती लिहीत होते.